डिफरन्शियलचे वंगण : जयगडच्या खाडीकाठी वाहनाची घरगुती निगा

शास्त्री नदी जेथे अरबी समुद्रास मिळते, त्या मुखाच्या दक्षिण तीरावर रत्नागिरी तालुक्यातील जयगड वसले आहे. किल्ला, दीपगृह आणि मच्छीमारांची वस्ती ही या गावाची जुनी ओळख. २००९ साली सुरू झालेले मोठे बंदर आणि त्यालगतचा १२०० मेगावॉट क्षमतेचा औष्णिक वीज प्रकल्प यांमुळे गावाच्या परिसरात वाहनांची वर्दळ पुष्कळ वाढली. तथापि येथील सर्वसामान्य कुटुंबाचा चरितार्थ आजही मासळी, आंबा आणि लहानसहान वाहतूक यांवरच चालतो. पहाटे जेटीवर उतरलेली मासळी बर्फात घालून रत्नागिरीच्या बाजारास न्यावयाची असते. वैशाखात हापूसच्या पेट्या सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरील वाशीच्या घाऊक बाजारात वेळेवर पोहोचवावयाच्या असतात. अडलेली बाळंतीण किंवा सर्पदंश झालेला रुग्ण तातडीने रुग्णालयात हलविण्यासाठी शेजाऱ्याची जीप वा व्हॅन हाच अनेकदा पहिला आधार ठरतो. म्हणूनच घराच्या खळ्यात उभे असलेले वाहन हे येथे निव्वळ हौसेचे साधन नसून कुटुंबाच्या मिळकतीचे, आणि प्रसंगी जीवाच्या रक्षणाचे साधन होय.

अशा वाहनाची निगा राखताना इंजिनातील ऑईल बदलण्याचे भान बहुतेक मालकांना असते. टायरमधील हवा, बॅटरीतील पाणी, ब्रेक याही गोष्टी नजरेसमोर असतात. परंतु मागील आसाच्या मध्यभागी असलेल्या लोखंडी गोळ्यात, म्हणजे डिफरन्शियलमध्ये, जे वंगण असते त्याची आठवण वाहन घरघरू लागल्याखेरीज कोणास होत नाही. तोपर्यंत वेळ निघून गेलेली असते. एक-दोन लिटर तेल आणि दोन-तीन तासांचे श्रम यांत जे काम झाले असते, त्यासाठी पुढे क्राऊन-पिनियनचा अख्खा जोड बदलावा लागतो. हे काम काळजीपूर्वक केल्यास घरच्या घरी करता येण्यासारखे आहे. त्यामागील शास्त्र, त्याची पद्धत आणि घ्यावयाची दक्षता यांची माहिती येथे दिली आहे.

डिफरन्शियलचे कार्य

वाहन सरळ रस्त्याने जात असता त्याची डावी व उजवी चाके सारखेच अंतर तोडतात. वळणावर मात्र तसे घडत नाही. बाहेरच्या बाजूचे चाक मोठ्या वर्तुळावरून व आतील चाक लहान वर्तुळावरून जाते. मागील दोन चाकांमधील अंतर १.४ मीटर आहे असे मानले, तर काटकोनातील एका वळणात बाहेरील चाकास आतील चाकापेक्षा सुमारे २.२ मीटर अधिक अंतर तोडावे लागते. निवळी फाट्यावरून जाकादेवी, खंडाळामार्गे जयगडास येणाऱ्या नागमोडी रस्त्यावर असा फरक शेकडो वेळा पडतो. दोन्ही चाके एकाच अखंड दांड्यास घट्ट बसविलेली असती, तर प्रत्येक वळणावर त्यांपैकी एक चाक फरपटत गेले असते, टायर झिजले असते आणि आसावर पीळ पडला असता.

दोन्ही चाकांस शक्ती तर मिळावी, पण त्यांना निरनिराळ्या वेगाने फिरण्याची मोकळीकही राहावी, ही किमया डिफरन्शियल करते. इंजिनाची शक्ती गिअरबॉक्समधून प्रॉपेलर शाफ्टद्वारे मागे येते. त्या शाफ्टच्या टोकास पिनियन नावाचे लहान दंतचक्र असते व ते क्राऊन नावाच्या मोठ्या दंतचक्रास फिरविते. येथे शक्तीची दिशा काटकोनात वळते आणि वेग कमी होऊन जोर वाढतो. उदाहरणार्थ, पिनियनला ९ व क्राऊनला ३७ दात असतील, तर पिनियनच्या ४.११ फेऱ्यांत क्राऊनची एक फेरी होते आणि जोर जवळजवळ तितक्याच पटीने वाढतो. क्राऊनला जोडलेल्या पिंजऱ्यात आणखी काही छोटी दंतचक्रे असतात. वळणावर एका चाकाचा वेग जितका कमी होतो, तितकाच दुसऱ्याचा वाढावा, ही व्यवस्था ती पाहतात.

जीप, बोलेरो, सुमो, जुनी ॲम्बॅसडर, मारुतीची ओम्नी किंवा ईको, तसेच माल वाहणारे पिकअप व टेंपो ही मागील चाकांवर चालणारी वाहने होत. त्यांच्या मागील आसावर हा गोळा स्पष्ट दिसतो. चारही चाकांवर चालणाऱ्या जीपला पुढील आसावरही तसाच दुसरा गोळा असतो आणि त्याचेही वंगण वेगळे पाहावे लागते. आजच्या बहुतेक लहान मोटारी पुढील चाकांवर चालतात. त्यांचे डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असून दोहोंचे तेल सामान्यतः एकच असते. त्यामुळे आपले वाहन कोणत्या प्रकारचे आहे, हे प्रथम निश्चित करावयास हवे.

वंगण कसले व किती

पूर्वीच्या काळी मोटारींच्या क्राऊन-पिनियनचे मध्य एकाच पातळीत असत. १९२० नंतरच्या दशकात पिनियन किंचित खाली बसविण्याची रचना प्रचारात आली. तीस हायपॉइड रचना म्हणतात. तिच्यामुळे प्रॉपेलर शाफ्ट खाली घेता आला व गिअरचा आवाज कमी झाला. परंतु या रचनेत दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, ते दाबाखाली घासतही जातात. दातांमधील दाब इतका प्रचंड असतो की, साध्या तेलाचा थर तेथून पिळून निघून जातो आणि धातूवर धातू घासू लागतो.

यावर उपाय म्हणून गिअर ऑईलमध्ये गंधक व फॉस्फरस यांची संयुगे मिसळलेली असतात. घर्षणाने तापलेल्या जागी या संयुगांची पोलादाशी रासायनिक क्रिया होऊन दातांवर एक अतिशय पातळ थर तयार होतो. दातांऐवजी तो थर झिजतो व दात वाचतात. गिअर ऑईलच्या डब्याचे झाकण उघडताच येणारा उग्र वास या गंधकाचाच. हीच संयुगे कालांतराने खर्ची पडतात. म्हणून तेलाची पातळी बरोबर असली, तरी ते ठराविक अंतरानंतर बदलणे आवश्यक ठरते.

डब्यावर दोन खुणा पाहाव्यात. पहिली ‘जीएल-५’ ही दर्जाची खूण. हायपॉइड डिफरन्शियलसाठी सामान्यतः याच दर्जाचे तेल सांगितलेले असते. दुसरी ‘८० डब्ल्यू ९०’ यांसारखी दाटपणाची खूण. गॅरेजमध्ये ज्यास ‘नव्वद नंबर’ म्हणतात तो हाच दाटपणा. काही अवजड वाहनांस याहून दाट तेल लागते. कोणत्या वाहनास कोणते तेल व किती, हे त्या वाहनाच्या पुस्तिकेत छापलेले असते व तोच आकडा प्रमाण मानावा. हलक्या वाहनांत हे प्रमाण बहुधा एक ते दोन लिटरच्या आसपास असते. किती किलोमीटरनंतर तेल बदलावे, हेही पुस्तिकेतूनच पाहावे. खाडीकाठी राहणाऱ्यांनी मात्र पुढे दिलेल्या कारणास्तव त्याआधीही तपासणी करावी.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावयास हवी. डिफरन्शियलचे तेल उरले म्हणून ते गिअरबॉक्समध्ये ओतू नये. अनेक गिअरबॉक्समध्ये पितळी कड्या असतात व त्यांच्यासाठी ‘जीएल-४’ दर्जाचे तेल सांगितलेले असते. अशा जागी अधिक तीव्र संयुगे असलेले तेल पितळेस अपाय करू शकते.

किनाऱ्यावरील विशेष धोका

रत्नागिरीच्या किनारपट्टीवर वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हवेत बाराही महिने खारा दमटपणा असतो. मासळीच्या पेट्यांतून गळणारे बर्फाचे खारे पाणी पिकअपच्या हौद्यातून थेट मागील आसावर ठिबकते. जेटीच्या उतारावर किंवा तवसाळकडे जाणाऱ्या फेरीबोटीवर चढताना भरतीचे पाणी चाकांस लागते. पावसाळ्यात वहाळ व पऱ्ये फरशीवरून वाहू लागले की, गोळा पाण्यात बुडेल इतक्या पाण्यातून वाहने काढली जातात.

डिफरन्शियलच्या पेटीत तेलाच्या वर हवा असते. वाहन धावून आले की, ही हवा तापते व प्रसरण पावते. तिचा दाब बाहेर पडावा म्हणून आसाच्या वरच्या बाजूस ब्रीदर नावाचे एक लहानसे छिद्र वा टोपी असते. तापलेला गोळा एकाएकी थंड पाण्यात गेला की, आतील हवा आकुंचन पावते. हवेचे तापमान ८० अंशांवरून २८ अंश सेल्सियसवर आले, तर तिचे आकारमान सुमारे सातव्या हिश्शाने घटू पाहते. ती उणीव भरून काढण्यासाठी बाहेरून काहीतरी आत ओढले जाते. ब्रीदर पाण्याखाली असेल तर तेथून, आणि तो चिखलाने बुजला असेल तर ऑईल सीलच्या कडेने पाणीच आत शिरते. हे पाणी खारे असल्यास बेअरिंग व दात यांवर गंज चढण्यास फार काळ लागत नाही.

वाहन नुसते उभे ठेवल्याने हा दोष जात नाही, उलट वाढतो. मासेमारी बंदीच्या काळात दोन-दोन महिने उभ्या राहिलेल्या वाहनात पाणी तळाशी बसते आणि तेलाबाहेर राहिलेल्या भागावर बाष्पाचा परिणाम होतो. म्हणून वहाळाच्या वा खाडीच्या पाण्यात गोळा बुडाल्यास किलोमीटरचा हिशेब न करता लगेच तेल तपासावे आणि पावसाळा संपताच एकदा तरी त्याची पाहणी करावी, हा नियम या भागातील वाहनधारकांनी पाळणे हिताचे आहे.

सामग्री

कामाची सामग्री आधीच जमवून ठेवावी. प्लगास योग्य मापाचा पाना लागतो. काही प्लगांना बाहेरून षट्कोनी माथा असतो, तर काहींना आतून चौकोनी खाच असते. मापापेक्षा सैल पाना वापरल्यास माथा गोल होतो व पुढे प्लग निघता निघत नाही. याखेरीज पुस्तिकेत सांगितलेले नवे तेल, प्लगांचे नवे वॉशर, तेल भरण्याचा हातपंप किंवा नळी जोडलेली पिळता येणारी बाटली, जुने तेल झेलण्यास रुंद तोंडाचे भांडे, घट्ट झाकणाचा रिकामा कॅन, चिंध्या, तारेचा ब्रश, हातमोजे आणि चाकांस लावावयाच्या उटी एवढे साहित्य पुरेसे आहे. जमिनीवर जुने प्लास्टिक व त्यावर लाकडाचा भुसा पसरावा, म्हणजे सांडलेला थेंब मातीत मुरत नाही.

आधी जीव, मग वाहन

या कामातील खरा धोका तेलाचा नसून वाहन अंगावर येण्याचा आहे. जीप, बोलेरो यांसारख्या उंच वाहनांचा प्लग वाहन चाकांवर उभे असतानाच हाती लागतो. अशा वेळी जॅक लावूच नये. चाकांवर उभे असलेले वाहन सर्वांत सुरक्षित असते आणि ते सपाट असल्याने तेलाची पातळीही बरोबर कळते.

वाहन उचलणे अपरिहार्य असेल, तर एक गोष्ट नीट समजून घ्यावी. बहुतेक वाहनांत हॅण्डब्रेक मागील चाकांवरच काम करतो. मागील दोन्ही चाके अधांतरी झाली की, हॅण्डब्रेक लावूनही वाहनास धरून ठेवणारे काही उरत नाही. एकच मागील चाक उचलले, तर वाहन गिअरमध्ये ठेवूनही उपयोग होत नाही. कारण ज्या डिफरन्शियलचे तेल बदलावयाचे, तेच जमिनीवरील चाकाची गती अधांतरी चाकाकडे वळविते व वाहन घसरू लागते. जुन्या जीपमधील हॅण्डब्रेक चाकांवर नसून प्रॉपेलर शाफ्टवर असे. त्या जीपच्या बाबतीत एक चाक उचलताच हॅण्डब्रेकही निरुपयोगी होतो. म्हणून पुढील दोन्ही चाकांस पुढून व मागून उटी लावल्याखेरीज जॅकला हात लावू नये.

कोकणातील तांबडी माती पावसाळ्यात भुसभुशीत होते व जॅक तीत रुततो. कातळाची किंवा काँक्रीटची सपाट जागा निवडावी. ती नसल्यास जॅकखाली जाड फळी घालावी. केवळ जॅकच्या भरवशावर वाहनाखाली कधीही शिरू नये. आसाच्या दोन्ही बाजूंस भक्कम लोखंडी स्टँड लावून वाहनाचा भार त्यांवर टेकवावा. जांभ्याच्या चिऱ्यांची चळत हा स्टँडला पर्याय नव्हे. चिरा वरून टणक दिसला तरी एका जागी भार पडताच तो फुटू शकतो. काम एकट्याने करू नये. चावी काढून स्वतःच्या खिशात ठेवावी व मुलांना दूर ठेवावे.

प्रत्यक्ष कृती

प्रथम वाहन दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणावे. कोमट झालेले तेल पातळ होते आणि तळाशी बसलेला गाळ घेऊन बाहेर पडते. वाहन सपाट जागी उभे करून दहा मिनिटे थांबावे, म्हणजे हात भाजण्याचा धोका राहत नाही.

गोळ्यावर बहुधा दोन प्लग असतात. मध्याच्या सुमारास असतो तो भरण्याचा व तळाशी असतो तो निचऱ्याचा. दोन्ही प्लगांभोवतीचा चिखल व मीठ तारेच्या ब्रशने काढून टाकावे. असे न केल्यास प्लग उघडताच रेती आत पडते व नवे तेल पहिल्याच दिवशी खराब होते.

यानंतर भरण्याचा प्लग आधी उघडावा. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. खाऱ्या हवेत हा प्लग गंजून घट्ट बसलेला असण्याचा संभव मोठा असतो. आधी तळाचा प्लग काढून तेल सोडून दिले आणि मग वरचा प्लग निघेना, तर वाहन तेलाविना जागच्या जागी अडकून पडते. वरचा प्लग हलत नसेल, तर त्यावर गंज सोडविणारे तेल टाकून काही तास थांबावे. तरीही न हलल्यास काम तेथेच थांबवावे. जुने तेल अजून आत असल्याने वाहन मिस्त्रीकडे नेता येते.

वरचा प्लग निघाल्यावर भांडे खाली ठेवून तळाचा प्लग सोडावा. शेवटचे आटे हाताने फिरवताना प्लग आत दाबून धरावा, म्हणजे तेल एकदम अंगावर येत नाही. निचरा होण्यास पंधरा-वीस मिनिटे द्यावीत. काही वाहनांच्या गोळ्यास तळाचा प्लग नसतो. अशा वेळी पंपाने तेल वरूनच ओढून घ्यावे लागते किंवा मागील झाकण उघडावे लागते. झाकण उघडण्याचे काम नवशिक्याने करू नये.

निचऱ्यानंतर आत रॉकेल वा डिझेल घालून गोळा धुण्याची जुनी रीत काही ठिकाणी आढळते. ती टाळावी. आतील कोनाकोपऱ्यांत राहिलेले रॉकेल नव्या तेलास पातळ करते व त्याची धारणशक्ती कमी होते. पाणी शिरलेले आढळल्यास थोडे नवे गिअर ऑईल घालून, वाहन थोडेसे व सावकाश चालवून ते पुन्हा काढून टाकणे हा अधिक निर्धोक मार्ग होय.

तळाचा प्लग पुसून, नवा वॉशर घालून बसवावा. तो आधी हाताने फिरवावा व आटे सरळ बसल्याची खात्री झाल्यावरच पान्याने आवळावा. पान्याला पाइप लावून किंवा पायाने दाब देऊन आवळणे हे बळाचे प्रदर्शन ठरते व त्याने आटे उडतात. मग वरच्या छिद्रातून नवे तेल सावकाश भरावे. बहुतेक वाहनांत या छिद्राची खालची कड हीच तेलाची पातळी असते. तेल तेथून बाहेर ओघळू लागले की थांबावे, जादा तेल गळून जाऊ द्यावे आणि मग प्लग बसवावा.

‘थोडे जास्त तेल असलेले बरे’ ही समजूत येथे घातक आहे. जादा तेल तापून फेसाळते आणि आसाच्या नळीतून चाकांकडे सरकते. तेथील ऑईल सील पार करून ते ब्रेकच्या लायनिंगवर पोहोचले, तर त्या चाकाचा ब्रेक धरेनासा होतो. आंबा घाटाच्या उतारावर भरलेल्या वाहनाच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो, हे सांगावयास नको.

शेवटी ब्रीदरची टोपी साफ करून ती मोकळी हलते का ते पाहावे. वाहन पाच-सहा किलोमीटर फिरवून आणून दोन्ही प्लगांखाली कोरडा कागद धरावा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहावे. बदलाची तारीख व किलोमीटरचा आकडा पुस्तिकेत नोंदवून ठेवावा.

जुन्या तेलाची परीक्षा

काढलेले तेल हे डिफरन्शियलच्या प्रकृतीचे निदान करणारे साधन आहे. म्हणून ते लगेच कॅनमध्ये न ओतता उजेडात पाहावे. तेल गर्द तपकिरी वा काळसर असेल, तर ते नेहमीच्या वापराचे लक्षण समजावे. ते दुधाळ किंवा ताकासारखे दिसत असेल, तर आत पाणी शिरले आहे हे निश्चित. अशा वेळी केवळ तेल बदलून भागत नाही. ब्रीदर व सील तपासून पाणी शिरण्याची वाट शोधावी लागते. तेलास करपट वास येत असेल, तर ते पूर्वी कमी पातळीवर वा अति भाराखाली तापले असण्याचा संभव असतो.

अनेक निचरा-प्लगांच्या टोकास लोहचुंबक असतो. त्यावर राखाडी रंगाचा मऊ लेप जमलेला असतो. हा दातांच्या स्वाभाविक झिजेचा भुगा असून त्यात घाबरण्यासारखे काही नाही. तो पुसून टाकावा. मात्र बोटांना टोचतील असे कण, चकत्या वा दाताचा तुकडा आढळल्यास वाहन रस्त्यावर न आणता जाणकार मिस्त्रीस दाखवावे. त्याचप्रमाणे वेग घेताना किंवा ॲक्सिलरेटर सोडताना मागून येणारी सततची घरघर, वळणावरील खटखट आणि प्रॉपेलर शाफ्ट जेथे गोळ्यास मिळतो तेथील ओल ही लक्षणे तेल बदलून जाणारी नव्हेत. क्राऊन-पिनियनची जुळणी मिलिमीटरच्या लहानशा अंशापर्यंत अचूक असावी लागते व ते काम साधनसामग्री असलेल्या कार्यशाळेचेच आहे.

वापरलेले तेल जाते कोठे

घरच्या घरी तेल बदलणाऱ्यावर एक जबाबदारी येऊन पडते. गॅरेजमध्ये जुन्या तेलाचा साठा करून तो विकता येतो. घरी मात्र ते कोपऱ्यातील गटारात, माडाच्या बुंध्याशी किंवा पऱ्यात ओतून मोकळे होण्याचा मोह होतो. जयगडासारख्या गावी याचे परिणाम फार लांब राहत नाहीत. जांभा हा सच्छिद्र दगड आहे. त्यावर सांडलेले पावसाच्या पाण्याबरोबर खाली मुरते आणि आसपासच्या विहिरीपर्यंत पोहोचू शकते. पऱ्याचे पाणी खाडीत जाते. खाडीच्या चिखलात व खडकांवर तिसऱ्या आणि कालवे वाढतात. ओहोटीच्या वेळी ती गोळा करून घर चालविणाऱ्या स्त्रिया किनाऱ्यावरील गावोगावी आहेत. तेलाचा पातळ तवंग पाण्यात प्राणवायू मिसळण्यास अडथळा करतो. त्यातील धातूंचे कण व रासायनिक संयुगे पाणी गाळून अन्न मिळविणाऱ्या शिंपल्यांच्या देहात साठू शकतात. म्हणजे मासळी वाहून नेणाऱ्या वाहनाची निगा राखताना मासळीच्याच मुळावर घाव घातल्यासारखे होते.

कुंपणाच्या खांबांस व घराच्या वाशांस वाळवी लागू नये म्हणून जळके ऑईल फासण्याची पद्धत कोकणात बरीच रुळलेली आहे. तीही सोडून देणे इष्ट. हे तेल पावसाने धुऊन जमिनीत उतरते आणि त्वचेसही अपायकारक असते. चुलीत वा होळीत ते जाळणे तर सर्वथा वर्ज्य समजावे.

केंद्र शासनाच्या २०१६ च्या घातक व इतर कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या तेलावर नियंत्रण असून त्याचे शुद्धीकरण अधिकृत पुनर्वापर केंद्रांनीच करावयाचे असते. शास्त्रीय रीतीने शुद्ध केल्यास त्याच तेलापासून पुन्हा मूळ वंगण तयार करता येते. वाहनधारकाने करावयाचे ते इतकेच की, जुने तेल पाणी, पेट्रोल वा रंग यांत न मिसळता झाकणाच्या कॅनमध्ये भरावे, कॅनवर तशी चिठ्ठी लावावी आणि जुने तेल गोळा करून अधिकृत संकलकास देणाऱ्या गॅरेजकडे अथवा सेवा केंद्राकडे ते पोहोचते करावे. एका घरचे तेल थोडे असेल, तर वाडीतील चार-पाच वाहनधारकांनी मिळून एकच मोठा कॅन ठेवावा. तेलकट चिंध्या व भुसाही उघड्यावर टाकू नयेत. हात साबणाने धुवावेत, पेट्रोलने नव्हे.

स्वावलंबन आणि त्याची मर्यादा

१९४७ साली मुंबईच्या महिंद्र कंपनीने जीपची जुळणी सुरू केली, तेव्हापासून जीप आणि तिच्या मागोमाग आलेली वाहने कोकणच्या वाटा तुडवीत आली आहेत. ॲम्बॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये आणि सुमो व ओम्नी यांचे २०१९ मध्ये थांबले. तरीही जुनी वाहने निगुतीने सांभाळून वापरणारी कुटुंबे आहेत. अशा वाहनांस कंपनीच्या सेवा केंद्रापेक्षा मालकाच्या जागरूकतेचाच आधार अधिक असतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेतलेले तरुण गावोगावी आहेत. पहिल्या वेळी अशा एखाद्या जाणकारास सोबत घेऊन हे काम करावे व पुढे स्वतः करावे, हा शिकण्याचा उत्तम मार्ग होय.

स्वतः करण्यात पैशाची बचत होते हे खरे. परंतु त्याहून मोठा लाभ असा की, मालकाची नजर वाहनाच्या त्या भागावर जाते, जेथे एरवी कोणाचीच जात नाही. आसाखाली वाकून पाहताना गळका सील दिसतो, गंजलेला ब्रेकचा पाइप दिसतो, सैल झालेला बोल्ट हाती लागतो. मध्यरात्री रुग्णास घेऊन निघालेले वाहन घाटात थांबू नये आणि मासळीच्या पेट्या उन्हात अडकून पडू नयेत, याची तजवीज अशा लहान कामांतूनच होत असते. पावसाळा सरून रस्ते कोरडे झाले की, दसऱ्याला वाहनाची पूजा करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. त्या निमित्ताने वाहनास झेंडूची माळ घालण्यापूर्वी डिफरन्शियलचा वरचा प्लग उघडून आत एकदा पाहण्याची सवय जयगडच्या व एकूणच किनारपट्टीच्या वाहनधारकांनी लावून घेतली, तर ती अत्यंत उपकारक ठरेल.